पत्त्यांचा कॅट एकाचा, डाव चौघांचा: अंध खेळाडूंसाठीच्या गेमची किंमत किती ठेवू?

रामबागकर
मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी इंदुरात राहतो, पोटापाण्यासाठी अ‍ॅप लिहितो. माझ्या मामांची नजर काचबिंदूने गेली. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, बस. आमच्याकडे गणपतीचे दहा दिवस रात्री बदाम सातचा डाव बसायचा आणि मामा त्यातले मुरलेले. किलवर सात हातात दाबून ठेवायचा आणि बाकीच्या तिघांना पास म्हणायला लावायचं, ही त्यांची जुनी खोडी. नजर गेल्यावरही ते डावाजवळ येऊन बसायचे, पण चहा झाला की उठून आत जायचे.

म्हणून फोनवर बदाम सात बनवायला घेतलं. पहिली खेप युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये. हिरवं टेबल, उडत येणारे पत्ते, सगळी हौस. मामांच्या हातात फोन दिला. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. फोन गप्प. पुन्हा फिरवलं, या वेळी जरा दाबून. गप्पच. "काय रे, चार्जिंग संपलं का?" म्हणाले. युनिटी सगळं चित्र स्वतःच रंगवतं, त्यामुळे टॉकबॅकला (बोटाखाली काय आहे ते बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) तिथे बटणं, पत्ते असं काही दिसतच नाही, नुसता एक कोरा चौकोन दिसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बारा वर्षं अ‍ॅप लिहितोय आणि टॉकबॅक एकदाही चालू करून बघितलेलं नव्हतं, हेही इथेच कबूल करतो.

दुसरी खेप साध्या कोटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नेहमीच्या प्रोग्रामिंग भाषेत. प्रत्येक पत्ता म्हणजे एक खरंखुरं बटण, त्याला नाव. बोट ठेवलं की "इस्पिक गुलाम", दोनदा टिचकी मारली की पत्ता खाली. हे चाललं. आता मामा रात्री साडेअकरापर्यंत कॉम्प्युटरशी भांडतात आणि मामी मला फोन करून ओरडते.

प्रश्न असा. मामांच्या दोन-तीन मित्रांनी गेम मागितला, तेव्हा प्ले स्टोअरवर टाकावा म्हणतो. जाहिराती लावून फुकट ठेवू, एकदाच ९९ रुपये घेऊ, की महिन्याला २९? बायको म्हणते फुकट दे, तेवढंच आपल्या हातून. पण सात महिने रात्रीचे दोन-तीन तास गेलेत आणि दर वर्षी अँड्रॉइड बदललं की परत हात घालावा लागणार. फुकट दिलेल्या गेमकडे दोन वर्षांनी मी ढुंकून बघणार नाही. मला मी माहीत आहे.


शेवपुराण
मंगळवार, रात्री १०:१९

पयला नंबर! वाचतो मग.

(भिया, किलवर सात दाबणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. आमच्याकडे आजी होती.)


नाना_देवासकर
मंगळवार, रात्री १०:४७

चांगलं काम करताय, शाबास. पण अंधांकडून पैसे घेणं मनाला पटत नाही. देवानं आधीच इतकं काढून घेतलंय, त्यात आपण आणखी ९९ रुपये? एखाद्या ट्रस्टला गाठा, ते खर्च देतील. पुण्याचं काम आहे, त्याचा धंदा करू नका.


एककान
मंगळवार, रात्री ११:३०

नाना, रागावू नका, पण तुमचा प्रतिसाद माझ्या फोनने मला वाचून दाखवला आणि मी हातातला वरण-भात खाली ठेवला.

मी जन्मापासून अंध. इंदुरातच बँकेत नोकरी करतो. पगार घेतो, प्राप्तिकर भरतो, सकाळी ठेल्यावर पोहे-जलेबी खातो त्याचे पैसे देतो. पोहेवाल्याने कधी "राहू दे साहेब" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या ठेल्यावर जातो. फुकटच्या वस्तूत खोट निघाली की तक्रार करता येत नाही हो. "फुकट दिलंय ना, मग?" हे वाक्य मी जन्मभर ऐकतोय. ९९ रुपये दिले की मी हक्काने म्हणू शकतो, रामबागकर, तुमचं पास बटण सापडत नाही, दुरुस्त करा.

आता रामबागकर, तुम्हाला. जाहिराती लावू नका, हात जोडतो. डाव रंगात आलेला असतो आणि मध्येच पूर्ण पडद्यावर जाहिरात येते. टॉकबॅक म्हणतं, "लेबल नसलेलं बटण." पुढे सरकलो, "लेबल नसलेलं बटण." यातलं एक जाहिरात बंद करणारं, एक भलतंच अ‍ॅप उतरवायला नेणारं. डोळस माणसाला कोपऱ्यात फुली दिसते. मला चिठ्ठी उचलावी लागते. एका गेममध्ये मी असा तीनदा भलत्या अ‍ॅपच्या पानावर पोचलो आणि तो गेम काढून टाकला. महिन्याचं भाडंही नको. भाडं थांबवायचं कुठून, ते शोधण्यातच आमचा रविवार जातो.

दुसरं, आवाजाचं. तुम्ही हौशी दिसता, म्हणून आधीच सांगून ठेवतो. डावीकडचा खेळाडू डाव्या कानात, उजवीकडचा उजव्या कानात, असलं काही करून बसला असाल तर माझं नाव आठवा. मी इअरफोन एकाच कानात घालतो. दुसरा कान बायकोच्या हाकेसाठी, दाराच्या घंटीसाठी, रस्त्यावर असलो तर गाड्यांसाठी. तुमचा डावीकडचा खेळाडू मला जन्मात ऐकू येणार नाही.


रामबागकर
मंगळवार, रात्री ११:४१

@एककान, तसंच करून बसलोय. :( उद्या काढतो. म्हणजे आवाजाच्या बाजू राहू दे, पण प्रत्येक चालीला खेळाडूचं नावही बोलेल असं करतो.


पुणेरी_पाटी
बुधवार, सकाळी ७:५८

भावना बाजूला ठेवून गणित बघा. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेले ५० लाखांहून जास्त लोक नोंदलेत. त्यातले किती स्मार्टफोनवाले, त्यातले किती मराठी, त्यातले किती पत्ते खेळणारे आणि त्यातले किती पैसे देणारे? शेवटी उरतील तुमचे मामा. किंमत ५० हजार ठेवा, वसूल होईल.


शेवपुराण
बुधवार, सकाळी ८:०३

मामांकडून ५० हजार वसूल करणं मामीला विचारून करा म्हणजे झालं.


हिशेबनीस_बडोदे
बुधवार, सकाळी १०:२०

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे गुजराती शेजाऱ्यांमुळे बदाम सातपेक्षा मेंढीकोट जास्त, पण ते असो.

आकडे मांडतो. गुगलचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर. अ‍ॅपलचे दर वर्षी ९९ डॉलर, म्हणून आयफोनचा विचार लांबवलात तर बरं. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर गुगल १५ टक्के घेतं. रामबागकर तो आकडा यंदा ओलांडतील असं वाटत नाही, हलकेच घ्या. म्हणजे ९९ मधले साधारण ८४ हाती पडतील, कर-बिर वेगळा. महिन्याला २९ वाचायला गोड वाटतात, पण तिसऱ्या महिन्याला माणूस गळतो आणि ज्याला बंद करता येत नाही तो शिव्या घालतो. एककान म्हणतात ते बरोबर आहे, एकदाच घ्या आणि मोकळे व्हा.

आणि देशागणिक किंमत वेगळी ठेवता येते, ते विसरू नका. अमेरिकेतल्या मराठी माणसाला ४ डॉलर म्हणजे अर्धी कॉफी. पण मग तो गेम इंग्रजीतही लागेल.


खेळिया
बुधवार, दुपारी १२:४५

किंमतीच्या बाबतीत आधीच्यांनी काय केलं ते आठवतंय तेवढं लिहितो. आवाजाच्या गेमचा मला नाद आहे.

१९९७ मध्ये जपानच्या केंजी एनोने सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेमच्या यंत्रासाठी 'रिअल साउंड' काढला. पडद्यावर चित्रच नाही, सगळा खेळ कानांनी. अंध लोक त्याचे गेम कसेबसे खेळतात हे कळल्यावर त्याने तो केला आणि सेगाला अट घातली की हजार यंत्रं अंधांना द्यायची. तो स्वतः गेमच्या हजार प्रती देणार. नाना म्हणतात तसं दान, पण एकदाच केलेलं आणि दोन्ही बाजूंनी.

२०१० मध्ये आयफोनवर 'पापा सँग्रे' आला. सरळ विकत घ्यायचा. अंधारात पावलं टाकायची, राक्षस कुठून घुरघुरतोय ते इअरफोनवर ओळखायचं. डोळस लोकांनीही उड्या टाकल्या. आता मात्र तो स्टोअरवर सापडत नाही. २०१५ मध्ये फ्रान्सच्या डोविनोने 'अ ब्लाइंड लेजेंड' काढला. त्यांनी आधी लोकवर्गणी जमवली, गेम फुकट ठेवला आणि मेल्यावर लागणारे प्राण विकले. 'ब्लाइंडफोल्ड' नावाची आयफोनवरची मालिका आहे, पत्ते वगैरेंची. त्यात काही डाव फुकट, पुढचे हवे तर विकत.

माझा आवडता किस्सा 'अ डार्क रूम'चा. नुसत्या अक्षरांचा गेम. आयफोनची आवृत्ती अमीर राजनने केली. व्हॉइसओव्हर (आयफोनचं टॉकबॅक) वापरणाऱ्यांनी त्याला लिहिलं की थोडक्यासाठी अडतंय, तेवढं करून दे. त्याने ते केलं, आणि पुढे २०१४ मध्ये तो अमेरिकेत विकतच्या अ‍ॅपमध्ये पहिल्या नंबरावर गेला. तो 'अंधांसाठीचा गेम' म्हणून विकलेलाच नव्हता. गेम होता, अंधही खेळत होते.


नाना_देवासकर
बुधवार, दुपारी १:३०

प्राण विकले??


खेळिया
बुधवार, दुपारी १:३४

गेममधले हो नाना.


कोडकरी
बुधवार, दुपारी ३:१५

रामबागकर, युनिटीला अगदीच वाळीत टाकू नका. युनिटी ६ मध्ये टॉकबॅकसारख्या मोबाइलच्या स्क्रीन रीडरसाठी सोय आली आहे, आणि त्याच्या आधीपासून त्याच कामाचं यूएपी नावाचं जोड-सॉफ्टवेअर (प्लगइन) आहे. पूर्वी विकत होतं, आता फुकट. पण पत्त्यांच्या खेळाला कोटलिनच बरं.

खरी गोम पुढे आहे. पत्त्याला नाव दिलं म्हणजे गेम अंधांना खेळता येतो असं नाही. डोळस माणूस टेबलाकडे एक नजर टाकतो आणि चारही रांगा कुठवर गेल्यात ते त्याला कळतं. अंध माणसाला ती नजर कशी देणार? पत्ता-पत्ता वाचून दाखवलात तर मध्यावर ३० पत्ते खाली असतात, ऐकेपर्यंत झोप लागेल.


रामबागकर
बुधवार, रात्री ९:५०

@कोडकरी, याच जागी मी दीड महिना घालवला.

आधी खरंच सगळे पत्ते वाचायचो. मामांनी तिसऱ्या डावाला फोन पलंगावर टाकला. मग लक्षात आलं की बदाम सातमध्ये मधले पत्ते कुणाला हवेत? दोन टोकं कळली की रांग कळली. आता टेबल असं बोलतं: "बदाम चार ते दहा. इस्पिक सात. किलवर बंद. चौकट सहा ते राजा." साताठ सेकंदांत काम. मामा आवाज भराभर लावतात, त्यांना चारच पुरतात. मला त्या वेगात काही कळत नाही.

दुसरं म्हणजे कोपरे. टेबल वाचायचं बटण डावीकडे वर, आपला हात उजवीकडे वर, पास उजवीकडे खाली, आणि 'मागे काय झालं' डावीकडे खाली. बोटाला फोनचा कोपरा कायम सापडतो, मधलं काही सापडत नाही. आधी मी दोन बोटं सरकवून टेबल वाचायचं ठेवलं होतं, पण नव्या टॉकबॅकमध्ये दोन-तीन बोटांच्या खुणा त्याच्याच कामाच्या असतात, मग कुस्ती लागते.

'मागे काय झालं' हे बटण मामांनी भांडून घेतलं. कॉम्प्युटरने पत्ता टाकला की फोन बोलतो, पण तेवढ्यात त्यांचं बोट हातातल्या पत्त्यावर पडलं की ते बोलणं अर्ध्यात तुटतं. "किलवर आ...", आठ होता की आणखी काय, कोण जाणे.


गराडू
बुधवार, रात्री १०:३०

अवांतर: थंडी पडलीये, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू सुरू झालेत. धाग्यावरचे इंदूरकर शनिवारी भेटताय का?


शेवपुराण
बुधवार, रात्री १०:३२

आयडीच गराडू, आणखी काय विचारणार. मी आहे. भुट्टे का कीस पण.


एककान
बुधवार, रात्री ११:०५

मीही येतो. तळणाच्या आवाजावरून ठेला मीच शोधून देईन, तुम्ही लोक पाट्या वाचत फिरता.

रामबागकर, टोकं सांगायची कल्पना झकास. पण हे "इस्पिक", "किलवर" काय लावलंय? इंदुरातला माझा अर्धा ग्रुप हिंदीवाला आहे. आम्ही शाळेत हुकुम, पान, ईंट, चिड़ी म्हणत वाढलो. घरी आईशी बदाम, शाळेत पान. आणि फोनवर बहुतेकांनी हिंदी आवाज लावलेला असतो. त्या आवाजात तुमची चौकट चंपीतल्या च ने येते. हिंदीचा पर्याय द्याच.


मामी_तिलकनगर
गुरुवार, सकाळी ११:१५

बदामला पान म्हणणं म्हणजे शिव शिव. चिड़ी काय, ईंट काय! पण द्या बाई पर्याय, इंदुरात राहायचं तर हिंदीशी भांडून कसं चालेल.

मला त्या टॉकबॅकमधलं ओ की ठो कळत नाही, पण किंमतीचं एक विचारू का? घरात पत्त्यांचा कॅट कोण आणतो? कुणीतरी एकजण. त्याने तो विकत आणला म्हणून बाकीच्या तिघांकडून कुणी पैसे मागतं का? ज्याचा कॅट त्याच्या घरी डाव, बाकीचे आपापलं चहाचं बघतात. मग तुमच्या फोनवर चौघांनी चार वेळा पैसे का द्यायचे?


पुणेरी_पाटी
गुरुवार, सकाळी ११:३८

मामी, हे पुण्यात झालं असतं तर कॅट आणणाऱ्याने झीज-खर्च मागितला असता.


रामबागकर
गुरुवार, दुपारी १:१०

@मामी_तिलकनगर, थांबा. हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे गेम उतरवायला फुकट, कुणाच्याही टेबलावर बसायला फुकट, पण टेबल मांडायचं असेल तर त्या एकाने घ्यायचं. भाचा घेईल, मामा बसतील. किंवा मामा घेतील आणि भाच्याला बोलावतील, तेच जास्त खरं.

पण सध्या गेम एकट्याने कॉम्प्युटरशीच खेळायचा आहे. चार फोन जोडायचे म्हणजे वेगळीच लढाई. एकाच घरातल्या वायफायवर जोडणं सोपं, सर्व्हरचं भाडं नाही.


एककान
गुरुवार, दुपारी २:०५

घरातल्या वायफायवर? माझ्या घरी मी, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. माझे शाळेतले तीन मित्र एक भोपाळला, एक खंडव्याला, एक नागपुरात. आम्ही रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर असतो. तिथे डाव बसला पाहिजे. नाहीतर तुमचा गेम म्हणजे मामा आणि भाचे यांच्यापुरता.

मामींच्या कॅटवर मात्र माझं मत. आणि डोळस-अंध एकाच टेबलावर, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्यासाठी वेगळे गेम खूप झाले. पुतण्याबरोबर खेळता येईल असा एक हवा. शिवाय मी पडदा काळा करून खेळतो. बसमध्ये शेजारी वाकून बघतो तर त्याला काय दिसणार? तुमच्या लोकांचे पत्ते मात्र उघडे. :)


कोडकरी
गुरुवार, दुपारी २:४०

चार जणांच्या पत्त्यांच्या डावाला डेटा कितीसा लागतो? एका चालीला मोजून काही अक्षरं. चार अंकी कोड सांगायचा आणि बसायचं. सुरुवातीला सर्व्हरचं भाडं चहाच्या खर्चात बसेल. चालीला वेळेची मर्यादा मात्र डोळ्यांच्या हिशेबाने ठेवू नका. डोळस माणसाला १५ सेकंद पुष्कळ झाले, ऐकून ठरवणाऱ्याला दुप्पट द्या.


शेवपुराण
गुरुवार, दुपारी २:४४

अंध क्रिकेटमध्ये बी-१ (पूर्ण अंध) गटाच्या खेळाडूची प्रत्येक धाव दुप्पट धरतात ना? मग मामांचे गुण पण दुप्पट करा.


एककान
गुरुवार, दुपारी २:५१

पत्त्यांत नको. पत्त्यांत आम्ही आधीच पुढे असतो, खाली काय पडलंय ते डोक्यात ठेवायची सवय आहे. दुप्पट वेळही नको खरं तर. वेळ ज्याने टेबल मांडलं त्याला ठरवू द्या. माझे मित्र ५ सेकंद ठेवतील.


ठिपके
गुरुवार, रात्री ८:२०

मी अंध मुलांना शिकवते. आमच्याकडे ब्रेल टोचलेला पत्त्यांचा कॅट आहे. बाजारात तयार मिळतो, पण आमचा मुलांनीच स्टायलसने टोचलेला. कोपऱ्यात दोन खुणा, आकडा आणि रंग. सातासाठी १, २, ४, ५ हे ठिपके. खेळून खेळून ठिपके बसतात, मग राणी की राजा यावरून भांडणं. मागच्या महिन्यात एका मुलाने नेमक्या बदाम सातावर स्वतःची जादा खूण करून ठेवली होती, तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. सांगायचं म्हणजे लबाडी सगळीकडे सारखीच.

आता किंमतीवर माझं थोडं वेगळं मत. एककानांना नोकरी आहे. माझ्या मुलांचा खिसा म्हणजे शिष्यवृत्ती, तीही वेळेवर येईल तेव्हा. त्यांना ९९ जड जातात. ते तुमच्या गेमची फाइल एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील, आणि मी शिक्षिका असूनही त्यांना रागवायला माझी जीभ उचलणार नाही.


हिशेबनीस_बडोदे
गुरुवार, रात्री ८:५५

ठिपकेताई, गुगल दर तीन महिन्यांना एका अ‍ॅपचे ५०० प्रोमो कोड वाटू देतं, कोड टाकला की विकतचं फुकट मिळतं. रामबागकरांनी त्यातले काही शाळांना द्यावेत. आणि मामींच्या हिशेबाने वसतिगृहात एका मुलाकडे टेबल असलं की अख्खी खोली बसली.


एककान
गुरुवार, रात्री ९:२२

कोड द्या, पण यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) फोटो मागू नका. कार्ड सरळ धरलंय की उलटं, फोटोत अंगठा आलाय का, अर्धं कापलं गेलंय का, आम्हाला कसं कळणार? चार वेळा "फोटो स्पष्ट नाही" ऐकलं की माणूस ९९ रुपये देऊन मोकळा होतो. मागेल त्याला द्या. दहा लबाड घेतील, घेऊ द्या.


नाना_देवासकर
गुरुवार, रात्री १०:१५

एककान, तुमचा पहिला प्रतिसाद मी काल परत वाचला. माझा हेतू वाईट नव्हता, पण तुम्ही म्हणता ते कळलं. मी एक टेबल घेणार आहे. माझा नातू पुण्यात असतो, त्याच्याशी खेळेन. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा ते तुमचं बोलणारं बटण मलाही शिकवा.

एक शंका. पत्ते म्हणजे जुगार धरून बंदी वगैरे येणार नाही ना? पेपरात वाचलं होतं.


कोडकरी
गुरुवार, रात्री १०:३१

नाना, २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. इथे डाव हरलात तर फक्त नातू चिडवेल.

टॉकबॅक शिकताना एक लक्षात ठेवा, आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की ते चालू-बंद होतं. पहिल्यांदा लावल्यावर 'बंद कसं करू' म्हणून फोन दुकानात नेणारे खूप आहेत. त्यात एक मी.


रामबागकर
रविवार, रात्री १०:४०

सराफ्याची भेट झाली, एककानांनी ठेला खरंच शोधला. आता ठरलेलं सांगतो.

उतरवायला आणि कुणाच्याही टेबलावर बसायला फुकट. कॉम्प्युटरशी खेळायलाही फुकट. टेबल मांडायचे १४९ रुपये, एकदाच. ९९ नाही, कारण सर्व्हरचं भाडं त्यातूनच निघायचंय. जाहिराती नाहीत. हिंदी-मराठी दोन्ही, बदामला ज्याने त्याने हवं ते म्हणावं. वेळेची मर्यादा टेबलवाल्याच्या हाती. प्रोमो कोड मागेल त्याला, आधी ठिपकेताईंच्या मुलांना. बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे फुकटच की."

आता तुमच्याकडे मागणं. नव्या वैयक्तिक खात्याला गुगल थेट बाजारात जाऊ देत नाही. १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. माझ्याकडे मामा, एककान, त्यांचे तीन मित्र, नाना, शेवपुराण, मामी_तिलकनगर आणि दोन भाचे मिळून १० झाले. दोन कमी आहेत.


पुणेरी_पाटी
रविवार, रात्री १०:४६

एक मला धरा. ५० हजार देणार नाही.


ठिपके
रविवार, रात्री ११:०२

एक मी. आणि तो खूण करणारा मुलगा सोडून बाकी सगळे रांगेत आहेत म्हणून सांगतात.


एककान
रविवार, रात्री ११:२०

त्या मुलाला आधी घ्या. गेममधली चोरीची वाट तोच शोधून देईल.

रामबागकर, काल दिलेल्या आवृत्तीत पहिली चूक: आपली पाळी नसताना पास दाबलं तर फोन "पास" दोनदा बोलतो, आणि कॉलवर ऐकणाऱ्या खंडव्याच्या मित्राला वाटतं मी खरंच पास म्हणालो. आम्ही त्यावरून पाऊण तास भांडलो.


रामबागकर
रविवार, रात्री ११:२४

नोंद केली. मामांचीही एक आहे, कॉम्प्युटर किलवर सात फार लवकर सोडतो म्हणे. दोन्ही उद्या रात्री बघतो.